तड्याची खोली: चार टोकांच्या गेजवर किती विसंबावे?

यंत्रशाळा (धागाकर्ता)

मी जड यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे एका मोठ्या शाफ्टची तपासणी झाली. शाफ्ट साध्या कार्बन स्टीलचा असून त्याचा व्यास जिथे १८० मिमीवरून वाढतो, त्या पायरीच्या गोलाव्यात चुंबकीय कण चाचणीमध्ये (धातू चुंबकित करून टाकलेली लोखंडाची भुकटी तड्यापाशी गोळा होते, ती चाचणी) ४२ मिमी लांबीची सलग रेषा दिसली. तडा आहे याविषयी शंका उरली नव्हती; तो किती खोल गेला आहे, एवढेच ठरवायचे होते. त्यासाठी आम्ही हातात धरून वापरायचे, चार टोकांचे, एसी प्रवाहावर चालणारे खोलीमापक गेज आणले. सोबतच्या ठोकळ्यावरील खाचांवर ते बरोबर आकडे दाखवत होते. तड्याच्या मधल्या भागात सहा वेळा टेकवल्यावर २.६, २.४, ३.१, २.५, ०.८ आणि २.७ मिमी अशी रीडिंगे आली. ०.८ हे टोक नीट न टेकल्यामुळे आले असावे असे समजून मी ते सोडून दिले, सर्वांत मोठे ३.१ धरले, आणि साडेतीन मिमी घासले की तडा निघून जाईल असा हिशेब केला.

साडेतीन मिमी घासल्यावर पुन्हा चाचणी केली, तर रेषा होतीच. चार मिमीलाही होती. शेवटी साडेपाच मिमीवर ती नाहीशी झाली. त्या जागी तेवढी घासाई चालण्यासारखी होती, म्हणून त्या वेळी निभावले.

आता त्याच आराखड्याच्या दुसऱ्या शाफ्टवर, त्याच गोलाव्यात, ३५ मिमीची रेषा सापडली आहे. येथे मात्र जास्तीत जास्त ४ मिमी घासण्याची मुभा आहे. तडा त्याहून खोल असेल तर शाफ्ट बाद करावा लागेल, आणि तसे असेल तर घासण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. पहिल्या शाफ्टच्या वेळी चूक कोठे झाली आणि या वेळी मोजमाप कसे करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

चारटोके

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गेज काय करते ते थोडक्यात मांडतो, कारण चूक बहुधा तेथेच सापडेल. पडद्यावर आकडा मिलिमीटरमध्ये दिसत असला तरी आत मोजले जाते ते व्होल्टेज. बाहेरची दोन टोके प्रवाह सोडतात आणि आतली दोन टोके त्यांच्यामधल्या पट्ट्यावरील व्होल्टेज टिपतात. एसी प्रवाह धातूच्या पूर्ण जाडीतून न जाता पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. साध्या पोलादात, ५ किलोहर्ट्झच्या सुमारास, हा थर ढोबळमानाने ०.२ मिमी जाडीचा असतो. वाटेत तडा आडवा आला की प्रवाह त्याच्या एका भिंतीवरून खाली उतरतो, तळाला वळसा घालतो आणि दुसऱ्या भिंतीवरून वर येतो. म्हणजे त्याची वाट खोलीच्या दुपटीने लांबते आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज वाढते.

यावरून सूत्र असे निघते: खोली = (आतल्या टोकांमधले अंतर ÷ २) × (तड्यावरचे व्होल्टेज ÷ निर्दोष जागेवरचे व्होल्टेज − १). टोकांमधले अंतर १० मिमी असेल आणि दोन व्होल्टेजांचे गुणोत्तर १.५२ आले, तर ५ गुणिले ०.५२, म्हणजे २.६ मिमी. तुमचे पहिले रीडिंग असेच कोठून तरी आले असणार.

या साध्या सूत्रात चार गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. प्रवाहाचा थर तड्याच्या खोलीच्या मानाने बराच पातळ आहे. तडा खोलीच्या मानाने पुरेसा लांब आहे. तड्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना कोठेही टेकलेल्या नाहीत. आणि तड्याजवळचा धातू व तुलनेसाठी घेतलेल्या जागेचा धातू विद्युत आणि चुंबकीय दृष्टीने सारखाच आहे. पहिली अट तुमच्या पोलादात सहज पाळली जाते. ॲल्युमिनियममध्ये त्याच वारंवारतेला थर सुमारे १.२ मिमीचा होतो आणि चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलमध्ये तर तो ६ मिमीच्या घरात जातो, त्यामुळे पोलादासाठी जुळवलेले गेज तेथे तसेच टेकवणे चुकीचे ठरते. दुसरी अटही तुमच्याबाबतीत ठीक दिसते, कारण ४२ मिमी लांबी आणि साडेपाच मिमी खोली म्हणजे लांबी खोलीच्या जवळजवळ आठपट झाली. माझा संशय तिसऱ्या आणि चौथ्या अटीवर आहे.

कृपया एवढे सांगा: तुलनेचे रीडिंग कोठे घेतले होते, मोजण्यापूर्वी ती जागा कशाने साफ केली होती, चुंबकीय चाचणीनंतर शाफ्टचे चुंबकत्व काढले होते का, आणि मोजताना तडा शाफ्टच्या कोणत्या बाजूला होता, वर की खाली?

सूक्ष्मदर्शी

चारटोके यांनी तिसऱ्या अटीवर बोट ठेवले आहे, त्याविषयी मी प्रत्यक्ष पाहिलेले सांगते. माझे काम धातूशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे आणि तडा गेलेले तुकडे फोडून आत काय आहे ते पाहणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. पद्धत अशी की, तडा असलेला तुकडा कापून काढायचा, तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला काही वेळ ठेवायचा म्हणजे तड्याच्या भिंतींवर निळा थर चढतो, आणि मग उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठणठणीत गार करून तो फोडायचा. निळा झालेला भाग हा जुना तडा, आणि रुपेरी, दाणेदार भाग हा आता फोडताना झालेला भंग. सीमारेषा इतकी स्वच्छ असते की मापन-सूक्ष्मदर्शकाखाली खोली मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येते.

असाच एक तुकडा मला चांगला लक्षात आहे. गेजने तेथे १.९ मिमी दाखवले होते आणि निळा भाग ४.२ मिमीपर्यंत गेलेला होता. भिंगाखाली पाहिल्यावर त्या निळ्या पट्ट्यात, वरच्या कडेपासून साधारण दोन मिमीवर, रुपेरी बेटे दिसली. काही मोहरीएवढी, काही त्याहूनही बारीक. त्या जागी तडा पूर्ण सुटलेलाच नव्हता. दोन भिंतींना जोडणारे धातूचे पूल शिल्लक होते. प्रवाहाला तळापर्यंत जाण्याची गरजच उरली नाही, तो त्या पुलांवरून पलीकडे गेला. गेज त्याच्या परीने खरे बोलत होते. प्रवाह जेथून ओलांडला ती खोली त्याने दाखवली.

पूल नसतानाही भिंती नुसत्या एकमेकींवर दाबल्या गेल्या तरी हाच परिणाम कमी-अधिक होतो. आणि सर्वांत वाईट पूल आपण स्वतः बांधतो. हातातल्या ग्राइंडरने जागा चकचकीत केली की पृष्ठभागाचा मऊ धातू ओढला जाऊन तड्याच्या तोंडावर लिंपला जातो. डोळ्यांना जागा स्वच्छ दिसते, चुंबकीय चाचणीत रेषाही दिसते, पण प्रवाहाला वरच्या वर पूल मिळतो. साफसफाई हाताने, बारीक पॉलिश पेपरने, शक्यतो तड्याच्या दिशेने करावी, आडवी नको. ग्राइंडर लागलेलाच असेल तर मोजण्यापूर्वी सौम्य आम्लाने लिंपलेला थर खाऊन टाकावा आणि जागा धुऊन, वाळवून घ्यावी.

ठोकळ्यावरील खाचांविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या खाचा स्पार्कने किंवा करवतीने पाडलेल्या असतात आणि त्यांच्या दोन भिंतींमध्ये ठळक फट असते. तेथे गेज बरोबर आकडा दाखवते यावरून गेजचे वायरिंग आणि टोके ठीक आहेत एवढेच सिद्ध होते. मिटलेल्या तड्यावर ते बरोबर असेल असे त्यावरून म्हणता येत नाही.

यंत्रशाळा

दोघांचेही मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टींची उत्तरे देताना मलाच संकोच वाटतो आहे, पण खरे तेच लिहितो. जागा ग्राइंडरनेच साफ केली होती. तुलनेचे रीडिंग शाफ्टच्या सरळ दंडगोल भागावर घेतले होते, कारण तेथे टोके नीट टेकत होती. चुंबकत्व काढलेले नव्हते. शाफ्ट दोन टोकांना आधारांवर आडवा ठेवलेला होता आणि चढून जाण्याच्या सोयीसाठी तडा वरच्या बाजूला आणला होता.

पुढचे दोन प्रश्न: एक म्हणजे, सहापैकी एकाच जागी ०.८ का यावे? दुसरे म्हणजे, माझ्या एका सहकाऱ्याच्या मते डीसी प्रवाहाचे गेज वापरले असते तर हा त्रास झालाच नसता. हे खरे आहे का?

चारटोके

संकोच वाटण्याचे काही कारण नाही. ही माहिती दिलीत म्हणूनच आता नेमके बोलता येईल.

तडा वरच्या बाजूला होता, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. दोन टोकांवर टेकवलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने मध्ये किंचित झुकतो. त्यामुळे त्याच्या वरच्या बाजूवर दाब येतो आणि खालच्या बाजूवर ताण. तुम्ही तडा वर आणून तो आणखी मिटवलात. दुसऱ्या शाफ्टवर एकाच जागी दोनदा मोजा, एकदा तडा वर ठेवून आणि एकदा तळाशी आणून. दोन आकड्यांत फरक पडला तर भिंती एकमेकींना टेकत आहेत हे तेथेच कळेल, आणि तळाच्या स्थितीतला मोठा आकडा खऱ्याच्या अधिक जवळचा असेल. जॅकने मधल्या भागाला हलका बाक देता आला तर आणखी चांगले, पण किती द्यायचा ते हिशेब करूनच. तडा असलेल्या भागावर अंदाजाने जोर लावू नये.

तुलनेची जागा हा दुसरा मुद्दा. प्रवाहाच्या थराची जाडी धातूच्या चुंबकीय पारगम्यतेवर, म्हणजे तो किती सहज चुंबकित होतो यावर, अवलंबून असते आणि पारगम्यता धातूत साठलेल्या ताणांनी, वेल्डजवळच्या उष्णतेने, आणि मागे राहिलेल्या चुंबकत्वानेही बदलते. गोलाव्यातला तड्याजवळचा धातू आणि सरळ भागावरचा धातू या दृष्टीने सारखे असतीलच असे नाही. शिवाय गोलाव्यावर चारही टोके एका रेषेत टेकत नाहीत आणि दोन टोकांमधली पृष्ठभागावरची वाट सरळ अंतरापेक्षा वेगळी होते. त्यामुळे तुलनेचे रीडिंग त्याच गोलाव्यात, शाफ्ट अर्धा फिरवून, जेथे तडा नाही अशा समोरच्या जागी घ्यावे, आणि स्प्रिंगवरची टोके असलेला प्रोब वापरावा. चुंबकत्व आधी काढून टाकावे.

आता ०.८ विषयी. एकच रीडिंग वेगळे आले म्हणून ते सोडून देऊ नका. टोक टेकले नसेल तर आकडा सहसा स्थिर राहत नाही, नाचतो. तो शांतपणे ०.८ वर थांबला असेल तर त्या जागी खरोखर काहीतरी आहे, बहुधा सूक्ष्मदर्शी यांनी सांगितले तसा पूल. यापुढे मधल्या भागात सहा वेळा टेकवण्याऐवजी तड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर ३ मिमीवर खुणा करा, प्रत्येक खुणेवर तीन रीडिंगे घ्या आणि कागदावर खोलीचा आलेख काढा. शीणाने, म्हणजे पुन्हापुन्हा बदलणाऱ्या ताणाने, वाढलेला तडा बहुधा अर्ध्या लंबगोलाच्या आकाराचा असतो, मध्ये खोल आणि दोन्ही कडांना उथळ. आलेखात मध्येच खड्डा पडलेला दिसला तर तो का पडला याचा शोध घ्यावा लागतो. दोन्ही कडांजवळचे आकडे मात्र फार मनावर घेऊ नयेत, कारण तेथे प्रवाह खाली उतरण्याऐवजी तड्याला बगल देऊन बाजूने निघून जातो आणि खोली कमी दिसते.

डीसीविषयी तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. डीसी प्रवाह पूर्ण छेदातून पसरतो. १८० मिमीच्या शाफ्टमध्ये तो इतका पसरेल की दोन टोकांमधले व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये मोजावे लागेल आणि तड्याने त्यात पडणारा फरक त्याहून कितीतरी लहान असेल. निरनिराळे धातू जिथे जोडलेले असतात तेथे तापमानाच्या फरकाने उत्पन्न होणारे व्होल्टेजही त्याच पातळीचे असते. ते वजा करण्यासाठी प्रवाहाची दिशा उलटसुलट करून सरासरी काढतात. प्रयोगशाळेतल्या लहान नमुन्यांवर तड्याची वाढ टिपायला ही पद्धत फार चांगली आहे. पण टेकलेल्या भिंती तिलाही तितक्याच फसवतात, त्यामुळे तुमची मुख्य अडचण तशीच राहिली असती.

रूळमापे

मी रेल्वेच्या रुळांच्या तपासणीशी संबंधित आहे. आमच्याकडे अडचण उलट्या दिशेची असते, पण दुसऱ्या शाफ्टबाबत निर्णय घेताना ती माहीत असावी म्हणून लिहितो. चाकांच्या रगड्याने रुळाच्या माथ्यावर जे तडे पडतात ते सरळ खाली जात नाहीत, पृष्ठभागाशी लहान कोन करून तिरपे शिरतात. प्रवाह भिंतीला धरून जातो, म्हणून गेज जो आकडा देते तो तिरप्या वाटेची लांबी असते, उभी खोली नव्हे. आकडा ६ मिमी आला आणि तडा पृष्ठभागाशी २५ अंशाने शिरला असेल, तर उभी खोली ६ गुणिले ०.४२, म्हणजे साधारण २.५ मिमी निघते. रूळ किती घासायचा ते उभ्या खोलीवर ठरते, म्हणून कोन ठाऊक नसेल तर आकडा अर्धवटच राहतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, शेजारी-शेजारी असलेले दोन तडे आतल्या दोन टोकांच्या मध्ये सापडले तर दोघांच्याही वाटा बेरजेने मोजल्या जातात आणि एकच खोल तडा असल्याचा भास होतो.

इंग्लंडमध्ये हॅटफिल्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी याच प्रकारच्या तड्यांनी पोखरलेला रूळ गाडीखाली फुटून त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले आणि ४ प्रवाशांचा जीव गेला. त्या रुळावर तडे आहेत हे आधीच लक्षात आले होते. ते किती खोल गेले आहेत आणि रूळ अजून किती दिवस ठेवता येईल, या प्रश्नाला आमच्या क्षेत्रात तेव्हापासून फार वजन आले.

तुमच्या गोलाव्यात तडा पृष्ठभागाला काटकोनात शिरत असण्याची शक्यता जास्त आहे. पण गोलाव्याचा पृष्ठभागच तिरपा असल्यामुळे तोच तडा शाफ्टच्या अक्षाच्या हिशेबाने तिरपा ठरतो. त्यामुळे ४ मिमीची मुभा कोणत्या दिशेने मोजायची आहे हे आराखडा करणाऱ्यांकडून आधी स्पष्ट करून घ्यावे.

प्रतिध्वनी

मी श्राव्यातीत ध्वनीने तपासण्याचे, म्हणजे अल्ट्रासॉनिकचे काम करतो आणि या चर्चेत मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. ज्या शाफ्टवर ‘ठेवायचा की बाद करायचा’ असा निर्णय अवलंबून आहे, तेथे केवळ व्होल्टेजवर चालणाऱ्या गेजच्या आकड्यावर थांबू नये. ज्या तड्याचे तोंड पृष्ठभागावर उघडत नाही तो तर या गेजला मुळीच दिसत नाही. जर्मनीत एशेडे येथे ३ जून १९९८ रोजी ज्या चाकाच्या फुटण्याने १०१ माणसे गेली, त्या चाकाच्या धावेतला तडा आतल्या बाजूने वाढत आलेला होता.

ध्वनीच्या पद्धतीत तड्याच्या तळाकडून येणारा क्षीण प्रतिध्वनी आणि तोंडाकडून येणारा जोरदार प्रतिध्वनी यांच्यामधला वेळ मोजतात. पोलादात आडव्या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३,२३० मीटर असतो. समोरच्या बाजूने ४५ अंशाच्या प्रोबने पाहिले आणि तडा ५ मिमी खोल असला, तर दोन प्रतिध्वनींच्या वाटांत एका बाजूने साधारण ३.५ मिमीचा फरक पडतो आणि जाऊन-येऊन सुमारे २.२ मायक्रोसेकंदांचा. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबला एवढा फरक आरामात वेगळा दिसतो. खोली १ मिमीच असली तर फरक अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत येतो आणि दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. म्हणजे उथळ तड्यात तुमचे गेज सरस, आणि खोल तड्यात ध्वनी. तळाकडून विखुरणाऱ्या याच लहरींवर आधारलेली टीओएफडी पद्धत मॉरिस सिल्क यांनी १९७० च्या दशकात इंग्लंडमधील हार्वेल येथे विकसित केली, ती मुळात तड्याच्या मापासाठीच.

रंग काढता येत नसेल अशा ठिकाणी एसीएफएम नावाची पद्धतही उपयोगी पडते. तीत टोके टेकवावी लागत नाहीत. प्रवाह तड्याला वळसा घालताना वरच्या चुंबकीय क्षेत्रात जो बदल होतो तो टिपतात. ही पद्धत चार टोकांच्या एसी पद्धतीतूनच १९८० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पुढे आली. तुमचा शाफ्ट उघडाच असल्याने तिची गरज दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रतिध्वनी यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालते. घट्ट मिटलेला तळ ध्वनीलाही काही प्रमाणात आरपार जाऊ देतो, म्हणून ध्वनीचे मापही दाबाखालच्या तड्यात कमी येऊ शकते. शाफ्ट फिरवून तडा तळाशी आणण्याचा सल्ला त्यासाठीही तितकाच लागू आहे.

जुनेजाणते

मी बरीच वर्षे तपासणीत काढली. आमच्याकडे सरळ नियम होता: गेजने जेवढे दाखवले त्याच्या दुप्पट धरायचे. २.६ चे ५.२ धरले असते तर धागाकर्त्यांचा हिशेब जवळजवळ बरोबर आला असता. इतक्या खोलात जाण्याची गरज आहे का?

सूक्ष्मदर्शी

आपल्या अनुभवाचा मान राखून, मला हा नियम धोक्याचा वाटतो. पुलांमुळे पडणारी तूट दर तड्यात निराळी असते. वर सांगितलेल्या तुकड्यात ती दुपटीहून जास्त होती. दुसऱ्या एका तुकड्यात गेज आणि निळी सीमा यांत ०.२ मिमीचाही फरक नव्हता. दुप्पट धरल्याने पहिला तुकडा चुकून सुरक्षित मानला गेला असता आणि दुसरा विनाकारण बाद झाला असता.

शीणमान

शाफ्टचे उरलेले आयुष्य काढण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांच्या बाजूने एक आकडेमोड मांडतो, म्हणजे मिमी-दोन मिमीवरून एवढी चर्चा का होते ते लक्षात येईल. तड्याच्या टोकाशी ताणाची तीव्रता खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा ताणाची चढउतार २०० मेगापास्कल आहे आणि पृष्ठभागावरच्या लांब, सरळ तड्यासाठीचा गुणक १.१२ घेतला, तर २ मिमीच्या तड्यावर ही तीव्रता सुमारे १७.८ आणि ४ मिमीच्या तड्यावर सुमारे २५ येते (मेगापास्कल वर्गमूळ मीटर या एककात). दर फेऱ्याला तडा किती वाढतो हे अभियंता पॉल पॅरिस यांच्या नियमानुसार या तीव्रतेच्या घातांकाने ठरते, आणि पोलादासाठी तो घातांक ३ च्या आसपास धरतात. म्हणजे खोली दुप्पट असली की वाढीचा वेग २.८ पट होतो. प्रत्यक्षात ४ मिमी असलेला तडा २ मिमीचा समजून पुढच्या तपासणीची तारीख ठरवली, तर मधल्या काळात तो आपण कल्पिलेल्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाढत असतो. म्हणूनच नोंदीत केवळ ‘२.६’ लिहून भागत नाही. तडा वर होता की खाली, तुलना कोठे केली आणि जागा कशी साफ केली, हेही त्याच ओळीत लिहावे, कारण तारीख ठरवणारा माणूस बहुधा मोजताना हजर नसतो.

यंत्रशाळा

दुसऱ्या शाफ्टचे काम काल संपले. सर्वांनी इतका वेळ दिला, तेव्हा निकाल सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

चुंबकत्व काढले, जागा हाताने पॉलिश पेपरने तड्याच्या दिशेत साफ केली, तुलना त्याच गोलाव्यात समोरच्या बाजूला घेतली. तडा वर असताना मधल्या खुणेवर १.४ मिमी आले. शाफ्ट अर्धा फिरवून तडा तळाशी आणल्यावर त्याच खुणेवर २.९ आले. गेज तेच, प्रोब तोच, खूण तीच, आणि आकडा दुपटीहून मोठा. मी उताणा पडून प्रोब धरला होता आणि आकडा २.९ वर स्थिर झालेला पाहून दोनदा पुन्हा टेकवून खात्री केली. पहिल्या शाफ्टच्या वेळी काय झाले असावे ते त्या क्षणी मला पुरते उमगले.

दर ३ मिमीवरच्या आलेखात एका बाजूने अठराव्या मिमीवर खड्डा दिसला. दोन्ही शेजारच्या खुणांवर अडीचच्या वर आणि मध्येच १.१. तळाशी आणूनही तो खड्डा भरला नाही. ध्वनीच्या तपासणीत मध्यभागी ३.१ मिमी खोली निघाली, मात्र गोलाव्याचा स्वतःचा प्रतिध्वनी जवळच येत असल्याने तपासनिसांनी अर्धा मिमी इकडे-तिकडे होऊ शकेल असे लिहून दिले. दोन्ही मापे ४ च्या आत होती, म्हणून घासायचे ठरले. आराखडा करणाऱ्यांनी मुभा गोलाव्याच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजायची असल्याचे आधीच लेखी कळवले होते.

दर अर्ध्या मिमीला थांबून चुंबकीय चाचणी केली. दीड मिमी घासल्यावर रेषेचे दोन तुकडे झालेले दिसले, मध्ये चार मिमीचा निर्दोष धातू, आणि तो बरोबर आलेखातल्या खड्ड्याच्या जागी. पृष्ठभागावर एकच वाटणारे ते दोन तडे होते. पहिल्या शाफ्टवर ०.८ आले होते तेथेही असेच असावे, पण ती जागा मी न पाहताच घासून टाकली. ३.३ मिमीवर दोन्ही रेषा संपल्या. तो खळगा आजूबाजूच्या पृष्ठभागात सलग मिळवून घेतला आणि पुन्हा एकदा चाचणी केली, तीत काही दिसले नाही.

सूक्ष्मदर्शी

दोन तडे एकमेकांशेजारी सुरू झाले, याचा अर्थ त्या गोलाव्यात ताण एकाच बिंदूवर नसून एका पट्ट्यावर जास्त आहे. दोन्ही शाफ्टवर तीच जागा निघाली, तेव्हा गोलाव्याची त्रिज्या आराखड्यातल्याइतकी आहे का हे त्रिज्यामापकाने तपासावे, आणि त्या पट्ट्यावर यंत्रणकामाचे आडवे ओरखडे आहेत का हेही पाहावे. आपल्याकडे याच आराखड्याचा तिसरा शाफ्ट असेल तर त्याच्या गोलाव्यात, रेषा दिसण्याची वाट न पाहता, निर्दोष स्थितीतली तुलनेची रीडिंगे आताच सर्व बाजूंनी घेऊन ठेवावीत.

यंत्रशाळा

तिसरा आहे, आणि तो सोमवारी उतरवायचा आहे. त्रिज्यामापक घेऊनच जातो. तड्याआधीची रीडिंगे दर ३० अंशांवर, म्हणजे बारा ठिकाणी घेईन आणि शाफ्टच्या स्थितीसह येथे लिहीन.